‘बुरशी आढळली’ एवढे पुरेसे नाही

(रत्नागिरी येथे डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आंबा बागायतदार यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

श्रोतेहो,

या सभागृहात एका बाजूला डॉक्टर आणि लॅब टेक्निशियन बसले आहेत आणि दुसऱ्या बाजूला आंबा बागायतदार. आरोग्याच्या व्याख्यानाला अशी सरमिसळ सहसा होत नाही, पण बागायतदारांना आवर्जून बोलवा असा आग्रह मीच आयोजकांकडे धरला होता. त्याचे कारण पुढे येईल. ज्याची रोगप्रतिकारशक्ती खालावलेली आहे अशा रुग्णाला बुरशीचा संसर्ग झाला आणि ती बुरशी औषधाला दाद देत नसली, तर ते आपल्याला किती लवकर आणि कशावरून कळू शकते, एवढाच आजचा विषय आहे.

कोकणात राहणाऱ्याला बुरशीची ओळख करून द्यावी लागत नाही. आषाढ-श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या चपला, पुस्तकांचे पुठ्ठे, नीट न वाळलेले खोबरे, सगळ्यांवर बुरा धरतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणचा पूर ओसरल्यावर ज्यांनी घरे धुऊन काढली, त्यांना ओल्या भिंतींचा तो कुबट वास अजून आठवत असेल. अशा बुरशीचे बीजाणू आपण सगळेच दररोज शेकड्यांनी श्वासावाटे आत घेतो. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा बीजाणू जेमतेम दोन ते तीन मायक्रॉनचा असतो, त्यामुळे तो नाकाघशात न अडकता थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतो. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी तिथे त्याचा बंदोबस्त करतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा बंदोबस्त ज्यांच्यात ढिला पडतो ते रुग्ण आपल्या आसपासच असतात. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेतलेले, मूत्रपिंड बदलून घेतल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारे टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड कायम घेणारे, एचआयव्हीमुळे सीडी-४ या प्रतिकारपेशी घटलेले, संधिवातासाठी महिनोन्महिने स्टिरॉइड घेणारे, साखर आटोक्यात नसलेले मधुमेही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा बहुतेक रुग्णांचा उपचार मुंबईत चालतो आणि मुक्काम गावी असतो. केमोचा डोस मुंबईत होतो, रुग्ण रात्रीच्या गाडीने घरी येतो, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात ते दिवस, म्हणजे साधारणपणे डोसनंतरचा दुसरा आठवडा, तो गावच्या घरात काढतो. त्या दिवसांत ताप आला तर पहिला डॉक्टर तालुक्याचा असतो आणि पहिली प्रयोगशाळाही तालुक्याचीच. म्हणून बुरशी ओळखण्याचे काम मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाचे आहे, असे समजून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही. न्यूट्रोफिल मायक्रोलिटरला ५०० च्या खाली असताना ताप आला आणि चांगली प्रतिजैविके सुरू असूनही चार ते सात दिवसांत उतरला नाही, तर बुरशीची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी नमुने पाठवायचे.

आता औषधांबद्दल. जिवाणूंवर आपल्याकडे प्रतिजैविकांचे पुष्कळ गट आहेत, पण शरीरात खोलवर शिरलेल्या बुरशीवर वापरता येतील असे गट हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच आहेत. त्याचे कारण असे की बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची आहे, आणि जे बुरशीला मारते ते बऱ्याचदा आपल्यालाही बाधते. या थोड्या औषधांतले ॲम्फोटेरिसिन हे १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही त्याच जातकुळीतले हमायसीन तिथल्याच मातीतून शोधले गेले होते, याचा मला आजही अभिमान वाटतो. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल ही ॲझोल गटातली औषधे, आणि कॅस्पोफंजिनसारखी एकायनोकँडिन गटातली. व्यवहारात एवढ्यावरच भागवावे लागते. यांतला एक गट निकामी झाला की डॉक्टरांच्या हातात एक किंवा दोनच पर्याय उरतात, आणि उरलेला पर्याय कोणता हे वेळेवर कळले नाही तर तोही उपयोगाचा राहत नाही.

औषधाला दाद न देणे दोन तऱ्हेचे असते आणि त्यांतला फरक ध्यानात ठेवला पाहिजे. काही बुरशी जात्याच एखाद्या औषधाला दाद देत नाहीत. ॲस्परजिलसच्या कोणत्याही प्रजातीवर फ्लुकोनाझोल चालत नाही. ॲस्परजिलस टेरियसवर ॲम्फोटेरिसिन चालत नाही. २०२१ च्या मे महिन्यात ज्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रभर हाहाकार उडवला, त्या म्युकर वर्गावर व्होरिकोनाझोल चालत नाही. या प्रकारचा प्रतिरोध ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. ऊतीचा तुकडा किंवा कफ काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, पेशींचा पसारा विरघळू द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. तंतू रुंद, फितीसारखे, आडवे पडदे जवळजवळ नसलेले आणि काटकोनात फुटणारे दिसले तर ती म्युकरची जात आहे. तंतू बारीक, ठिकठिकाणी पडदे असलेले आणि लघुकोनात फाटे फुटणारे दिसले तर बहुधा ॲस्परजिलस. नमुना हातात आल्यापासून तासाभरात एवढे सांगता येते, आणि या एका निरीक्षणावर रुग्णाला व्होरिकोनाझोल द्यायचे की ॲम्फोटेरिसिन, हा निर्णय फिरतो. म्हणून माझे तंत्रज्ञांना कळकळीचे सांगणे आहे की अहवालात ‘बुरशीचे तंतू आढळले’ एवढेच लिहून सही करू नका. तंतू कसे आहेत ते लिहा.

दुसरा प्रतिरोध कमावलेला असतो. एरवी औषधाला बळी पडणारी बुरशी आपल्या जनुकांत बदल घडवून ते औषध निष्प्रभ करते. हा प्रतिरोध काचपट्टीवर दिसत नाही. त्यासाठी जिवंत बुरशी हवी, ती पोषक माध्यमावर वाढायला हवी, आणि मग तिला औषधासमोर ठेवून पाहायला हवे. इथे मला एका रुग्णाची हकीकत सांगायची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

रुग्ण पन्नाशीचे, मूत्रपिंड बदललेले. पावसाळ्यात ताप आणि खोकला सुरू झाला. प्रतिजैविके झाली, क्षयरोगाची तपासणी झाली, ती निरंक आली. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात गाठ आणि तिच्याभोवती धूसर कडा दिसली. तालुक्याच्या छोट्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी योग्य निर्णय घेऊन सुईने गाठीतला तुकडा काढला आणि तो संध्याकाळच्या गाडीने आमच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. मी बाटली उघडली आणि वासावरूनच समजलो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये होता. फॉर्मॅलिनमध्ये ऊती टिकतात, पण त्यातली बुरशी मरते. पॅथॉलॉजिस्टने काप पाहून पडदे असलेले फाटेदार तंतू असल्याचे सांगितले. ॲस्परजिलस असावा हे सगळ्यांनाच कळले. त्या बुरशीवर कोणते औषध चालेल हे मात्र त्या तुकड्याकडून विचारून घेण्याची वाट बंद झाली होती. व्होरिकोनाझोल सुरू झाले. ताप हटला नाही. अठराव्या दिवशी त्यांना मुंबईला हलवले, तिथे दुर्बिणीतून फुप्फुसाचे धुवण काढून ते सलाईनमध्येच प्रयोगशाळेत पाठवले गेले, बुरशी वाढली, आणि व्होरिकोनाझोलला तिची दाद नसल्याचे निष्पन्न झाले. औषध बदलले, पण तोवर फार उशीर झाला होता.

त्या छोट्या रुग्णालयाला दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यांच्याकडे गाठीचा तुकडा म्हणजे फॉर्मॅलिन, हीच रीत होती, कारण कर्करोगाच्या तपासणीसाठी तीच बरोबर असते. कल्चरसाठीचा, म्हणजे बुरशी वाढवून पाहण्यासाठीचा, तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा पाठवा, असे आमच्या प्रयोगशाळेने त्यांना कधी लेखी कळवलेच नव्हते. चूक आमचीही होती.

म्हणून एका तुकड्याचे दोन भाग करावेत: एक फॉर्मॅलिनमध्ये, एक सलाईनमध्ये. सलाईनमधला भाग सुकू द्यायचा नाही, गोठवायचा नाही, आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवायचा. म्युकरची शंका असेल तर प्रयोगशाळेत तो तुकडा खलबत्त्यात घालून वाटायचाही नाही. म्युकरचे तंतू ठिसूळ असतात, वाटल्यावर मरतात आणि मग माध्यमावर काहीच उगवत नाही. त्याचे बारीक काप करून तेच सबुरो माध्यमावर टेकवावेत.

पेट्रीच्या बशीत ॲस्परजिलस फ्युमिगेटस दोन-तीन दिवसांत उगवतो. आधी पांढरा कापसासारखा, मग मधोमध निळसर-हिरवी धुरकट झाक. झाकण उघडताना श्वास जपून घ्यावा लागतो, कारण नुसत्या हालचालीने बीजाणू उडतात. या वाढीतून बीजाणूंचे द्रावण करून ते ९६ खळग्यांच्या प्लास्टिक पट्टीत घालतात. प्रत्येक खळग्यात औषधाची मात्रा आधीच्याच्या निम्मी. कँडिडासारख्या यीस्टची, म्हणजे सुट्या गोल पेशींनी वाढणाऱ्या बुरशीची, पट्टी २४ तासांनी वाचतात, ॲस्परजिलसची ४८ तासांनी. ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ थांबलेली दिसते, ती त्या बुरशीपुरती त्या औषधाची किमान रोधक मात्रा. सगळ्या प्रयोगशाळांना हे परवडत नाही, हे मी जाणतो. त्यांच्यासाठी चार खळग्यांची सोपी बशी आहे: तीन खळग्यांतल्या माध्यमात तीन ॲझोल औषधे, चौथ्यात नुसते माध्यम. औषध असलेल्या खळग्यात बुरशी वाढली की संशय पक्का करण्यासाठी तो वाण मोठ्या केंद्रात पाठवायचा. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे.

आता यीस्टकडे वळतो, आणि त्यातही एकाच नावाकडे: कँडिडा ऑरिस. २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानातून ती प्रथम वेगळी केली गेली. लॅटिनमध्ये कानाला ऑरिस म्हणतात, म्हणून हे नाव. त्यानंतर काही वर्षांतच भारतातही ती रुग्णांच्या रक्तात सापडली. देशातील २७ अतिदक्षता विभागांच्या एका अभ्यासात रक्तात कँडिडा सापडलेल्या १४०० रुग्णांपैकी ७४ जणांत ती ऑरिस निघाली, आणि २७ पैकी १९ विभागांत ती होती. हे नमुने २०११-१२ चे होते. ही बुरशी फ्लुकोनाझोलला बहुतांश वेळा दाद देत नाही, काही वाण ॲम्फोटेरिसिनलाही देत नाहीत, आणि ती खाटेच्या कठड्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे जगते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ बुरशींची अग्रक्रम यादी जाहीर केली, तेव्हा सर्वांत वरच्या गटात कँडिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस, क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आणि कँडिडा अल्बिकन्स या चौघींना ठेवले.

ऑरिस ओळखण्यात अडचण अशी होती की जुन्या जैवरासायनिक पद्धती तिला दुसऱ्याच नावाने ओळखत. यंत्र बिनदिक्कत ‘कँडिडा हिम्युलोनाय’ असे छापून देत असे आणि त्यावर सहीही होत असे. आज माल्डी-टॉफ यंत्र लेझरच्या साहाय्याने बुरशीच्या प्रथिनांचा वस्तुमान-ठसा घेऊन काही मिनिटांत खरे नाव सांगते. ते यंत्र जवळ नसेल तरी दोन गोष्टी सावध करतात: ही यीस्ट ४२ अंश सेल्सिअसलाही वाढते आणि १० टक्के मीठ असलेल्या माध्यमातही तग धरते. अंदमानच्या खारट दलदलीत आणि वाळूच्या किनाऱ्यावर ती सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तिच्या या मीठ सोसण्याच्या गुणाचा उलगडा होऊ लागला. आपल्याही दारात खाडी आणि खाजणे आहेत. पण त्यावरून आपल्या किनाऱ्याविषयी कोणी घाईने निष्कर्ष काढू नये, आणि समुद्राला भिण्याचे तर काहीच कारण नाही. रुग्णाला ती लागते ती रुग्णालयात, हातांवरून आणि वस्तूंवरून.

एक उलटी चूकही होते. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या कफात कँडिडा उगवली की लगेच फ्लुकोनाझोल सुरू केले जाते. कफातली कँडिडा बहुतेक वेळा घशात राहणारी, निरुपद्रवी असते. अशा प्रत्येकाला औषध दिले की वॉर्डात दाद न देणाऱ्या जातीच तेवढ्या तगून राहतात. कँडिडाचा खरा शोध रक्तात घ्यायचा असतो, आणि तिथेही कल्चर जवळजवळ निम्म्या रुग्णांत चुकते. म्हणून प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त भरा. दोन मिलिलिटर भरून पाठवलेली बाटली निरंक आली तर त्या निरंकाला काही किंमत नाही.

बागायतदार मंडळींनी बराच वेळ धीराने ऐकले. आता त्यांच्याशी बोलतो. मोहोरावर भुरी येऊ नये म्हणून आपण हेक्झाकोनॅझोल फवारता. हे ॲझोल आहे. आमचे व्होरिकोनाझोलही ॲझोल आहे. दोन्ही बुरशीच्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात आणि तिचे आवरण बनू देत नाहीत. शेतातल्या ॲझोलला तोंड देऊन जी ॲस्परजिलस टिकली, तिला रुग्णालयातल्या ॲझोलला तोंड देणेही जमते, मग तिची लागण झालेल्या रुग्णाने आयुष्यात एकदाही ते औषध घेतलेले नसो. नेदरलँड्समध्ये हे प्रथम लक्षात आले. टीआर ३४/एल ९८ एच नावाचा एकच जनुकीय बदल रुग्णांच्या फुप्फुसात आणि शेतातल्या मातीत, दोन्हीकडे सापडला. २०१२ मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी हाच बदल भारतातील रुग्णांत आणि मातीत दाखवून दिला. याचे मोलही मोजले गेले आहे: नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ॲस्परजिलस औषधाला दाद देणारा असताना ४२ दिवसांत २८ टक्के रुग्ण दगावले, आणि व्होरिकोनाझोलला दाद न देणारा असताना ४९ टक्के.

माझ्या त्या रुग्णाच्या फुप्फुसातली बुरशी एखाद्या आंब्याच्या कलमाखालून आली, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि पुराव्यावाचून कोणाच्या पोटापाण्यावर बोट ठेवणे मला पटत नाही. भुरीने मोहोर करपला तर वर्षाचे उत्पन्न जाते, हेही मला ठाऊक आहे. माझे मागणे मर्यादित आहे. ॲझोलची फवारणी लागोपाठ करू नये, मध्ये पाण्यात विरघळणाऱ्या गंधकासारखे वेगळ्या गटातले औषध घ्यावे, आणि मात्रा डब्यावर लिहिली आहे तेवढीच ठेवावी. दुसरे, फवारलेला पालापाचोळा कुजवण्याचा खड्डा. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ५० अंशांच्या उष्णतेतही वाढतो, म्हणून आतून तापलेला कुजता ढीग त्याला फार मानवतो, आणि त्या ढिगात ॲझोलचा अंश असेल तर नेमक्या दाद न देणाऱ्या वाणांची तिथे निवड होते. घरात मूत्रपिंड बदललेले किंवा केमो चाललेले कोणी असेल, तर खताचा खड्डा उपसण्याचे, पातेरा गोळा करण्याचे काम त्यांना देऊ नका; त्या दिवशी त्यांना अंगणातही बसू देऊ नका.

रक्तातून किंवा फुप्फुसाच्या धुवणातून होणाऱ्या, ॲस्परजिलसच्या आवरणातली शर्करा शोधणाऱ्या गॅलॅक्टोमॅनन चाचणीबद्दल बरेच जण विचारतात. ती चांगली आहे, बुरशी वाढण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या क्रिप्टोकॉकससाठी तर रक्ताच्या थेंबावर दहा मिनिटांत होणारी पट्टी-चाचणी आहे. सीडी-४ पेशी १०० च्या खाली असलेल्या प्रत्येक एचआयव्ही रुग्णाची, डोकेदुखी सुरू होण्याची वाट न पाहता, ती करावी. पण या चाचण्या बुरशी आहे एवढेच सांगतात. औषध चालेल का, याचे उत्तर त्यांत नसते. काही पीसीआर चाचण्या टीआर ३४ सारखा बदल थेट धुवणात दाखवतात, मात्र माहीत असलेले ठराविक बदलच त्यांना दिसतात. पट्टी-चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून कल्चर रद्द करू नये, हे मी आवर्जून सांगतो.

आणि औषध लागू पडत नाही म्हणजे बुरशीने प्रतिरोध कमावला, असे दर वेळी नसते. व्होरिकोनाझोल काही लोकांच्या यकृतात फार झपाट्याने निकामी होते. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर रक्तातली त्याची पातळी जवळजवळ नाहीशी होते, आणि आपल्याकडे हे दोन्ही उपचार एकाच रुग्णावर चालू असण्याचा संभव पुष्कळ आहे. पुढच्या डोसच्या आधी रक्त घेऊन पातळी तपासावी. ती लिटरमागे १ ते ५.५ मिलिग्रॅमच्या दरम्यान हवी. पातळी कमी असेल तर आधी ती दुरुस्त करा. पातळी ठीक असून ताप हटत नसेल, तर दाद न देणाऱ्या बुरशीचा संशय बळावतो आणि नवा नमुना घेणे भाग पडते.

दाराजवळच्या टेबलावर आम्ही बाटल्यांच्या जोड्या ठेवल्या आहेत. लाल चिठ्ठीच्या बाटलीत फॉर्मॅलिन आहे, ती पॅथॉलॉजीसाठी; हिरव्या चिठ्ठीच्या बाटलीत निर्जंतुक सलाईन आहे, ती कल्चरसाठी. प्रत्येक जोडीला एक अर्ज बांधलेला आहे. त्यावर रुग्णाला कोणता आजार आहे, स्टिरॉइड किंवा केमो चालू आहे का, आधी कोणते बुरशीविरोधी औषध किती दिवस दिले, आणि रिफाम्पिसिन चालू आहे का, हे चार रकाने आहेत. ते कोरे ठेवू नका, कारण त्यांवरूनच आम्ही ठरवतो की बशी किती दिवस ठेवायची आणि कोणती औषधे तपासायची. आपापल्या रुग्णालयासाठी लागतील तेवढ्या जोड्या घेऊन जा; संपल्या की फोन करा, दुसऱ्या दिवशीच्या एसटीने आणखी पाठवतो.